आधी पौड आखा

आदर्श शहराची स्वप्नं मुळशी तालुक्यावर जितकी पडली, तितकी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्या तालुक्यावर क्वचितच पडली असतील. वायव्येला लोणावळ्याच्या अंगाला सहारा समूहानं उभारलेली ॲम्बी व्हॅली. दक्षिणेला मोसे खोऱ्यात लवासा. ईशान्येला हिंजवडीचं आयटी पार्क. चांदणी चौक ओलांडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट अशा सगळ्या रस्त्यानं गृहप्रकल्पांच्या कमानी, आणि त्यांच्या फलकांवर डोंगर, तळं, हिरवळ.

या सगळ्यांच्या मध्ये मुळेच्या काठी पौड आहे. तालुक्याचं ठाणं. तहसील कचेरी इथं, पंचायत समिती इथं, पोलीस ठाणं आणि ग्रामीण रुग्णालयही इथंच. तालुक्यात कुणाची जमीन विकली गेली, वाटली गेली, बिगरशेती झाली, की कागद पौडच्या वाटेनं जातो. इतक्या शहरांच्या कागदांना पौडनं वाट दिली. पौडचा कारभार मात्र ग्रामपंचायतीवर चालतो, आणि पौड वीस वर्षांनी कसं दिसावं हे ठरवायला कुणी परदेशातून वास्तुरचनाकार बोलावला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे : आदर्श शहर आखायचंच असेल तर ते मोकळ्या डोंगरावर आखू नका, पौडमध्ये आखा. जिथं माणसं आधीपासून राहतात, भांडतात, मत देतात आणि जाब विचारू शकतात, तिथं आखा. मुळशीनं गेल्या शंभर वर्षांत जे भोगलं, त्यातून निघणारा धडा हाच आहे.

चित्र आधी, माणूस नंतर

१९९६ मध्ये राज्य सरकारनं खासगी गिरिस्थानांसाठी विशेष नियमावली काढली. २००१ मध्ये मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतली १८ गावं गिरिस्थान म्हणून जाहीर झाली. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी आणि तिचे प्रमुख अजित गुलाबचंद यांनी तिथं लवासाचा डाव मांडला. आराखडा अमेरिकेतल्या एचओके या संस्थेचा. सुमारे २५ हजार एकरांचा पसारा, पाच नगरं, तीन लाखांची वस्ती, असं ते चित्र होतं. पहिलं नगर दासवे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या न्यू अर्बनिझम परिषदेनं आराखड्याचा गौरवही केला. शहर तेव्हा बहुतांश कागदावर होतं.

त्या आराखड्यात चांगलं काहीच नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. पायी फिरता येतील अशा गल्ल्या, खाली दुकान आणि वर घर, पाण्याच्या काठाला मोकळा रस्ता, हे सगळं आपल्या शहरांना हवंच आहे. पुण्याच्या पेठांत ते होतं, आपण ते घालवलं. दोष रेघांत नव्हता. रेघ ओढताना कुणाला विचारलं, तिथं होता.

दासव्याच्या तळ्याकाठची रंगीत घरं इटलीतल्या पोर्तोफिनोवरून घेतली होती. आता पोर्तोफिनो कुणी आखलं? ते मासेमारांचं गाव. होड्या बांधायला खाडी, वादळातून परतताना ओळखू यावीत म्हणून रंगवली असं सांगतात ती घरं, समुद्राला धरून वाढलेल्या गल्ल्या. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी आपल्या पोटापाण्याच्या गरजेतून ते घडवलं. मोसे खोऱ्यातल्या लोकांनीही तेच केलं होतं. उतारावर भाताची खाचरं, पाण्याच्या वर वस्ती, माथ्यावर रान. पोर्तोफिनोतल्या मासेमारांची अक्कल हजारो मैलांवरून मागवली आणि दासव्यातल्या शेतकऱ्याची अक्कल शेजारी असून विचारात घेतली नाही.

पुढं २००८ मध्ये सरकारनं लवासा कॉर्पोरेशनलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला. म्हणजे बांधणारी कंपनी आणि बांधकामाला परवानगी देणारी संस्था एकच. अर्ज तिचाच, शिक्काही तिचाच. हा दर्जा काढून घ्यायला २०१७ उजाडलं. दरम्यान २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवलं, २०११ मध्ये अटींसह पहिल्या टप्प्याला परवानगी दिली. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. २०२३ मध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणानं १,८१४ कोटी रुपयांची एक योजना मंजूर केली, पैसे आले नाहीत म्हणून २०२४ मध्ये तीही रद्द झाली. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून तिथं घर नोंदवलं, ती मध्यमवर्गीय माणसं या सगळ्यात वर्षानुवर्षं अडकून राहिली. शेतकरी एकीकडे फसला आणि घर घेणारा दुसरीकडे. ज्या शहरात दोघांचंही ऐकणारं कुणी नाही, त्याला किती पुरस्कार मिळाले याला काय किंमत?

पाणी कुणाचं

लवासाच्या जाहिरातीत जे तळं दिसतं, ते वरसगाव धरणाचं पाणी आहे. धरणाचं नाव वीर बाजी पासलकर जलाशय. खडकवासला, पानशेत, टेमघर आणि वरसगाव या चार धरणांवर पुणं मुख्यतः जगतं. वरसगावची क्षमता १२.८२ टीएमसी. पुणेकराच्या नळाला येणारं पाणी ज्या डोंगरांवरून उतरतं, त्या डोंगरांच्या पोटात तीन लाखांचं शहर बसवायचं, हा निर्णय घेताना पुण्याला कुणी विचारलं? मोसे खोऱ्याला कुणी विचारलं? कृष्णा खोरे विकास महामंडळानं धरणासाठी घेतलेली सुमारे १४१ हेक्टर जमीन कंपनीला भाडेपट्ट्यानं दिली. ज्या गावांनी धरणासाठी एकदा जागा सोडली, त्यांना दुसऱ्यांदा बाजूला सरकावं लागलं.

मुळशीला हे नवीन नाही. नीला आणि मुळा नद्यांच्या संगमावर टाटांच्या वीज कंपनीनं धरण बांधायला घेतलं, तेव्हा पन्नासच्या आसपास गावांवर पाणी येणार होतं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातून सेनापती बापट झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या खांद्याला खांदा लावून होते. 'जान किंवा जमीन' ही घोषणा तिथली. लढा १९२४ च्या अखेरीपर्यंत चालला आणि हरला. धरण झालं. आंबेमोहोराची खाचरं बुडाली. मुळशीचं पाणी सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याच्या वीजघरात उतरवलं, वीज मुंबईकडे गेली.

राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा बारकाईनं अभ्यास केला. त्यातली एक गोष्ट आजही चटका लावते. बरीच जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती आणि कसत होती मुळशीतली कुळं. सावकाराला भरपाई चांगली मिळाली की त्याचं काम झालं. कुळाला भरपाई नको होती, रान हवं होतं. कागद ज्याच्या हातात त्यानं सौदा केला, घाम ज्याचा त्याला पाणी सोडावं लागलं. शंभर वर्षांनी नकाशे बदलले, कंपन्या बदलल्या. सौद्याचा साचा तोच आहे.

धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण मुळशीच्या कितीतरी वाड्यांना आजही लागू पडते. जी वस्ती धरणाच्या कडेला राहून उन्हाळ्यात टँकरची वाट बघते, तिच्या शेजारी कारंजी उडवणारं शहर आदर्श असूच शकत नाही. शहराची पहिली रेघ पाण्याची असली पाहिजे. कुठून येतं, कुणाच्या वाट्याचं येतं, मैला होऊन कुठं जातं. याचं उत्तर नसेल तर बाकीचे रंगीत कागद गुंडाळून ठेवा.

सातबारा वाचा

मुळशीतला एखादा जुना सातबारा हातात घेऊन नीट बघा. डावीकडे भोगवटादाराच्या रकान्यात आज्याचं नाव, त्याला कंस. खाली वारसांची रांग, चार भाऊ आणि दोन बहिणी. मग बहिणींच्या नावांना कंस, कारण हक्कसोडपत्र झालं. मग एकेका भावाच्या नावाला कंस, प्रत्येकाशेजारी फेरफाराचा क्रमांक. शेवटी एकच नाव उरतं, आणि त्यापुढं 'प्रा. लि.' असतं. उजवीकडे इतर हक्कांत कधीकाळच्या कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा. खाली नमुना बारात पीक लिहिलेलं असतं. भात. भात. भात. मग 'पड'.

हा कागद म्हणजे एका घराच्या तीन पिढ्या आहेत. कुठल्याही कामाच्या दिवशी पौडच्या कचेरीच्या आवारात असे कागद घडी घालून पिशवीत घेऊन आलेली माणसं दिसतात. मुद्रांक घ्यायचा, अर्ज लिहून घ्यायचा, झेरॉक्स काढायची, तलाठी भाऊसाहेब फिरतीवर असले तर परत उद्या. या माणसांनी शहर आखण्याविषयी कधी व्याख्यान ऐकलेलं नसतं. पण शहर म्हणजे काय हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, कारण त्याची किंमत त्यांनी मोजली आहे. ज्याचं जळतं त्याला कळतं.

प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' २०१८ मध्ये आला आणि सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला. जमीन विकून आलेला पैसा उडाला, मालक होता तो वॉचमन झाला, पोरगा गुन्हेगारीत गेला. लोक हळहळले आणि घरी गेले. त्या चित्रपटानं विचारलेला प्रश्न नगररचनेचाच होता : शेत शहर झालं की वाढलेली किंमत कुणाची?

१८९८ मध्ये लंडनमधल्या एबेनेझर हॉवर्ड नावाच्या एका लघुलेखकानं या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात लिहिलं. उद्याननगरी ही कल्पना त्याचीच. ३२ हजारांचं गाव, भोवती शेतं, मधे बागा. १९०३ मध्ये त्याच कल्पनेवर लेचवर्थ उभं राहिलं. पण हॉवर्डचा मुख्य मुद्दा बाग नव्हता. जमीन सगळ्या गावाची राहावी, गाव वाढलं की भाडं वाढेल, आणि ते वाढीव भाडं गावाच्याच दवाखान्याला, शाळेला, म्हाताऱ्यांच्या निर्वाहाला जावं, हा त्याचा आग्रह होता. शंभर वर्षं जगभरच्या बिल्डरांनी त्याची बाग उचलली आणि भाड्याचा हिशेब तिथंच टाकून दिला.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारं एक काम झालं. हडपसरच्या मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेच्या आसपास एकर जमीन एकत्र केली आणि सतीश मगर यांच्या पुढाकारानं स्वतःची कंपनी काढली. ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हिस्सा. जमीन विकून मोकळं होण्याऐवजी शेतकरी शहराचा भागीदार झाला. हे मोठं काम आहे आणि मुळशीतल्या प्रत्येक गावानं ते समजून घ्यावं. त्यालाही एक मर्यादा आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याचं काय? शेतमजूर, कातकरी, दुसऱ्याच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राबलेली बाई, यांना हिस्सा कुठून मिळणार? आदर्श शहराचा कस इथं लागतो.

नवी मुंबईचीही आठवण ठेवा. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकात मुंबईला जुळं शहर सुचवलं. विचार उदात्त होता. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ९५ गावांची जमीन त्यात गेली. पण गावकऱ्यांना विकसित जमिनीत साडेबारा टक्के वाटा मिळावा, हे सुरुवातीच्या चित्रात नव्हतं. त्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले, जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार झाला, पाच माणसं मेली. जो हक्क आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहायचा, तो रक्त सांडून शेवटच्या पानावर लिहून घ्यावा लागला.

न आखण्याचं पाप

मग आराखडेच नकोत, असं कुणी म्हणेल. ते मला मान्य नाही. न आखलेलं शहर बघायचं असेल तर हिंजवडीला जा. एमआयडीसीनं आयटी पार्क आखलं, त्याच्या आत रस्ते केले. बाहेरची गावं, हिंजवडी, माण, मारुंजी, ग्रामपंचायतींच्या भरवशावर सोडली. लाखो लोक रोज तिथं कामाला जातात. पाणी वाहून नेणारे ओढे इमारतींखाली अरुंद झाले, काही बुजले, आणि पावसाळा आला की रस्त्याचाच ओढा होतो. मेट्रोचं काम सुरू झालं ते वरातीमागून घोडं आल्यासारखं, इमारती झाल्यावर आणि रस्ते तुंबल्यावर.

पिरंगुट आणि उरवड्याकडे बघा. ७ जून २०२१ ला उरवड्यात रसायनांच्या एका कारखान्याला आग लागली आणि पंधराहून अधिक कामगार गेले. त्यात बहुतेक बायका होत्या. घर चालवायला म्हणून आसपासच्या गावांतून कामाला आलेल्या. कारखाना कुठं असावा, त्याला बाहेर पडायला किती दारं असावीत, अग्निशमनाची गाडी किती मिनिटांत पोचावी, हे सगळं आराखड्याचं काम आहे. ते न करणं हाही एक निर्णय असतो, आणि त्याची किंमत सगळ्यात कमी पगाराची माणसं मोजतात.

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये झालं. त्याचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर हरकतींचा ढीग पडला, सुनावण्या झाल्या, आणि २०२५ मध्ये सरकारनं तो आराखडा रद्द केला. लोक पौडहून, घोटावड्याहून, माल्याहून पुण्याला खेटे घालत होते, नकाशात आपला गट शोधत होते. आपल्या रानातून रस्ता जातो, की त्यावर आरक्षण पडतं, की ते हिरव्या पट्ट्यात राहतं, हे त्यांना रंगांवरून ओळखावं लागलं. इतकी वर्षं गेली आणि हातात काही नाही. दरम्यान डोंगर फोडणारी यंत्रं थांबली नव्हती.

म्हणून आखा. पण लपवून आखू नका, आणि लांबून आखू नका.

मत नाही ते शहर नाही

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं शहरांना स्वतःचा कारभार स्वतः करण्याचा हक्क दिला. त्याच दुरुस्तीत एक फट आहे. एखाद्या औद्योगिक आस्थापनेनं नागरी सेवा दिल्या, तर त्या भागाला औद्योगिक नगरी ठरवून नगरपालिका टाळता येते. खासगी शहरांची सगळी कल्पना या फटीच्या आसपास घोटाळते. सेवा मिळतात ना, मग निवडणूक कशाला?

लवासानं अमेरिकेतून शहर व्यवस्थापक आणला होता. व्यवस्थापक हुशार असेल, प्रामाणिकही असेल. पण तो कंपनीला उत्तर देतो. नळाला पाणी आलं नाही तर पौडची बाई सरपंचाच्या दारात जाऊन त्याचं नाव घेऊन बोलू शकते. पाच वर्षांनी त्याला घरी बसवू शकते. तिच्या या एका ताकदीला कुठल्याही रेखांकनात जागा नसते, आणि तिच्याशिवाय शहर उभं राहत नाही. आपल्या ग्रामपंचायती दुबळ्या आहेत, पैशाला विकल्या जातात, ठेकेदारांच्या हातात जातात, हे सगळं खरं आहे. ते सुधारायचं असतं. ते रद्द करून कंपनीच्या हातात किल्ल्या द्यायच्या नसतात.

जुलै २०२४ मध्ये लवासात दरड कोसळली आणि बंगले गाडले गेले. घाटमाथ्यावर पाऊस कसा कोसळतो हे ताम्हिणीच्या कुठल्याही गुराख्याला माहीत आहे. कुठला उतार धरतो आणि कुठला सुटतो, हे त्याला पायांनी कळतं. शहर आखणाऱ्या टेबलाशी त्याला खुर्ची नव्हती.

पौड कसं आखावं

पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार १९१४ मध्ये भारतात आला. १९१९ पासून १९२४ पर्यंत तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग चालवत होता. म्हणजे मुळशीचा सत्याग्रह पेटला तेव्हा तो मुंबईच्या विद्यापीठातच काम करत होता. त्याची पद्धत साधी होती : आधी गावभर पायी हिंडा, लोक पाणी कुठून भरतात ते बघा, कुठं बसतात ते बघा, मगच पेन्सिल उचला. जुनं गाव पाडून रुंद रस्ते काढण्याला त्याचा विरोध होता. जिथं दुखतं तेवढंच कापा, बाकीचं जगू द्या, असं तो इंग्रज अधिकाऱ्यांना तोंडावर सांगायचा. पौडला हाच हात हवा.

पहिली रेघ मुळेची. नदीची पूररेषा जमिनीवर दगड रोवून दाखवा, कारण कागदावरची रेषा रात्रीतून सरकते. नदीत एक थेंब मैला जाणार नाही असं ठरवा आणि शुद्धीकरणाची जागा आजच राखून ठेवा. नंतर जागा सापडत नाही.

दुसरी रेघ ओढ्यांची. पौडच्या भोवतालच्या डोंगरांवरून उतरणारा प्रत्येक ओढा नकाशावर नावानिशी यावा. त्याचं नाव गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. ज्या ओढ्याला नकाशात नाव असतं तो बुजवणं अवघड जातं.

तिसरी रेघ डोंगराची. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नको, हा नियम राज्यात आहेच. तो पाळा, एवढंच. आणि भाताची खाचरं ही रिकामी जागा धरू नका. खाचर पावसाचं पाणी अडवतं, जिरवतं, पूर कमी करतं. पौडच्या सपाटीवरची काही खाचरं शेतीच म्हणून राखा आणि तिथल्या शेतकऱ्याला त्या राखण्याचा मोबदला द्या. नुसता हिरवा रंग फासून त्याला गरीब ठेवू नका.

चौथी गोष्ट घरांची. पिरंगुटच्या कारखान्यांत राबणारे, कचेरीत लिहिणारे, नव्या सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या बाया, या सगळ्यांना पौडमध्ये पगारात बसेल असं भाड्याचं घर मिळालं पाहिजे. मुळशीतल्या कातकरी वाड्यांची घरं ज्या जागेवर आहेत, ती जागा आधी त्यांच्या नावावर करा. हे काम आराखड्याच्या आधी व्हावं. एकदा भाव वाढला की नाव लागत नाही.

पाचवी गोष्ट रस्त्याची. पुणे-कोलाड रस्ता पौडच्या जवळून धावतो, आणि शनिवार-रविवारी ताम्हिणीला निघालेल्या गाड्यांची रांग लागते. पौडच्या माणसाला त्या रांगेतून पायी जाता आलं पाहिजे. पदपथ, सावली, एसटी आणि पीएमपीच्या थांब्यावर छप्पर, बायांसाठी स्वच्छ संडास. कचेरीत आलेल्या म्हाताऱ्याला बसायला बाक. हे सगळं स्वस्त आहे. लवासाच्या तळ्याकाठच्या इमारतींच्या तुलनेत पौडच्या पदपथांना असा किती खर्च येणार?

सहावी आणि मुख्य गोष्ट किमतीची. जमीन बिगरशेती झाली की तिचा भाव अनेक पटींनी वाढतो. ती वाढ सरकारच्या एका शिक्क्यानं होते, मालकाच्या घामानं होत नाही आणि बिल्डरच्याही नाही. त्या वाढीचा एक ठरलेला हिस्सा गावाच्या खात्यात जमा व्हावा, आणि त्यातून दवाखाना, शाळा, पाणी चालावं. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याचाही हक्क या खात्यावर राहील. हॉवर्डनं सांगितलेलं हेच, आणि ते अमलात आणायला पौडएवढी योग्य जागा दुसरी नाही. अजून सगळं विकलं गेलेलं नाही.

आता काय करायचं

जे पौडला राहतात, त्यांना हात जोडून सांगतो. नवीन आराखडा कुणीतरी कधीतरी पाठवेल म्हणून थांबू नका. वर्षातून चार ग्रामसभा तरी होतात. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर 'पौडचा आराखडा' हा विषय घालण्यासाठी आजच अर्ज करा. गावचा नकाशा भिंतीवर लावा, मराठीत, गट क्रमांकांसह, म्हाताऱ्याला चष्मा लावून वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात. ओढे कुठं, वहिवाट कुठं, पाणी कुठं साचतं, हे प्रत्येकाला त्यावर हातानं दाखवू द्या. त्याची नोंद इतिवृत्तात घ्या. बायांची सभा वेगळी घ्या आणि आधी घ्या, कारण पाणी त्या भरतात.

आणि जे पुण्यात राहून मुळशीत दुसरं घर शोधतात, त्यांच्याकडे एकच मागणं आहे. घर घ्यायच्या आधी तीन कागद बघा. त्या जमिनीचा जुना सातबारा, तिथं येणाऱ्या पाण्याचा स्रोत, आणि त्या जागेवर निवडून आलेलं कोण उत्तर देतं. तिन्हींचं उत्तर मिळालं नाही तर पैसे देऊ नका. तुमच्या नकारात लवासा अडवण्याएवढी ताकद आहे.

शहरं चित्रकार काढत नाहीत. ती सभेत ठरतात, भांडून ठरतात, आणि भांडणाऱ्यांची नावं नोंदली गेली तरच टिकतात. तेव्हा पौडकरांनो, अर्ज द्या. आणि त्याची पोच घ्या, शिक्क्यासह.